सर्व लेखकांना कळवण्यात आले आहे

दीड किलोच्या आतलं बाळ हातात घ्यायला भलेभले कचरतात. तिला जगात त्या एकाच गोष्टीची भीती वाटत नसे. बाकी सगळ्याची वाटे. लिफ्टची, कुत्र्यांची, शिक्का मारलेल्या पाकिटांची, आणि सगळ्यांत जास्त मोठ्या डॉक्टरांच्या बुटांच्या आवाजाची.

एकोणीस वर्षं ती एकाच हॉस्पिटलच्या नवजात विभागात नर्स होती. बाकीच्या नर्सेस तिला 'तापबाई' म्हणत. दर तीन तासांनी प्रत्येक बाळाचं तापमान घ्यायचं, असा नियम होता. इतरजणी कधीकधी मागचाच आकडा पुढे ओढायच्या. तापबाईच्या हातून ते होत नसे. थर्मामीटर नीट बघेपर्यंत तिला चैन पडायचं नाही.

सहा वर्षांपूर्वी विभागाची नवी मांडणी झाली. दहा कॉट, मध्ये नर्सचं टेबल, छतात एसीच्या जाळ्या. नकाशा मोठ्या डॉक्टरांनी स्वतः काढला होता आणि त्याची फ्रेम त्यांच्या खोलीत भिंतीवर होती. मांडणी झाल्यावर दोन महिन्यांत तापबाईच्या लक्षात आलं, की तीन आणि चार नंबरच्या कॉटवरची बाळं गार पडतात. फार नाही, जराशी. पण त्यांचं वजन हळू वाढतं आणि ती घरी उशिरा जातात. तिने वर बघितलं. बरोबर डोक्यावर जाळी होती.

तिने एकदाच इनचार्ज सिस्टरना सांगून पाहिलं.

"डॉक्टरांच्या नकाशात तू चूक काढणार?" इनचार्ज म्हणाल्या. "भिंतीवरचा काटा तापमान बरोबर दाखवतोय. उगाच पराचा कावळा करू नकोस."

तिने तोंड मिटलं ते मिटलंच. त्या दोन कॉटवरच्या बाळांना एक दुपटं जास्त गुंडाळायचं, आणि सगळं वहीत लिहायचं, एवढं मात्र तिने सोडलं नाही. बाळाचं नाव नाही. कॉटचा नंबर, जन्माचं वजन, तापमान, रोजचं वजन, घरी कधी गेलं. अशा चार वह्या भरल्या.

त्यातली एक घरी आणलेली असताना तिच्या नणंदेच्या हाती लागली. नणंद वयाने मोठी, शेजारच्याच गल्लीत राहणारी, एका कॉलेजात ग्रंथपाल. दुसऱ्याच्या घरातला कागद न वाचता खाली ठेवणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

"अगं, ही डायरी नव्हे," वन्सं म्हणाल्या. "हा शोधनिबंध आहे. आमच्याकडे प्राध्यापक लोक याच्या निम्म्या आकड्यांवर बढत्या घेतात."

"वन्सं, काहीतरीच काय!"

पण वन्संनी एकदा मनावर घेतलं की संपलं. चार महिने रविवारी दुपारी दोघी बसल्या. नर्स आणि बालरोगतज्ज्ञांची एक परिषद होणार होती, तिथे निबंध पाठवायचा ठरला. पाठवायचा म्हणजे टपालाने नव्हे. परिषदेच्या वेबसाइटवर फॉर्म भरून फाइल चढवायची. मुदत बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत. बुधवारी तिची साप्ताहिक सुट्टी होती.

सकाळी दहाला ती वन्संच्या वाचनालयात पोचली. तिथल्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरसमोर दोघी खुर्च्या जोडून बसल्या. पासवर्ड तीनदा नाकारला गेला. मग सारांश अडकला : अडीचशे शब्दांची मर्यादा आणि यांचे दोनशे एक्क्याऐंशी. एकतीस शब्द कापताना ती इतकी कळवळली, की वन्सं म्हणाल्या, "अगं, शब्द आहेत ते, टाके नाहीत. काप बिनधास्त."

मग लेखकांची नावं. पहिलं तिचं. दुसऱ्या रकान्यापाशी तिची बोटं थांबली.

"मोठ्या डॉक्टरांचं घालू या."

"विचारलंस त्यांना?"

"नाही. पण नसलं तर उद्धटपणा दिसेल. विभाग त्यांचा आहे. मंजूर झाला तर सांगेन. नाही झाला तर प्रश्नच मिटला."

वन्संनी भुवया वर केल्या. हॉस्पिटलच्या पत्रावरून तिने डॉक्टरांचा ईमेल एकेक अक्षर बघून उतरवला. 'सर्व लेखकांची संमती आहे' असा एक चौकोन होता. त्यावर टिक करताना तिने डोळे मिटले. अकरा चाळीसला बटण दाबलं.

पडद्यावर हिरवी पट्टी आली. 'आपला शोधनिबंध मिळाला. सर्व लेखकांना ईमेलने कळवण्यात आले आहे.'

तिने ते वाक्य तीनदा वाचलं.

"वन्सं, सर्व म्हणजे?"

"सर्व म्हणजे सर्व."

"म्हणजे त्यांनापण?"

"तूच तर पत्ता दिलास, बाई."

ज्या माणसाच्या नकाशात चूक आहे असं चार पानं भरून लिहिलं होतं, त्याच माणसाच्या नावाने, त्याला न विचारता, ते पाठवलं होतं. आणि आता ते त्याच्या खिशातल्या फोनवर वाजलं होतं.

"मागे घ्या! मागे घ्यायचं बटण असेल ना?"

होतं. तिनेच दाबलं. 'मागे घेण्यासाठी सर्व लेखकांची संमती आवश्यक आहे. त्यांना ईमेल पाठवण्यात आला आहे.'

"अगं आई गं," ती म्हणाली. "मग त्यांचं नावच काढू या. नाव काढलं की ते लेखक नाहीत, म्हणजे त्यांना काही जाणार नाही." आणि वन्सं हात धरेपर्यंत तिने तेही केलं. 'लेखकांच्या यादीतून नाव वगळण्यात आल्याचे संबंधितांना कळवण्यात आले आहे.'

वन्संनी कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला. "पुरे. आणखी एक बटण दाबलंस तर ते यंत्र त्यांच्या दारात बँडबाजा पाठवेल."

ती हसली नाही. तिला हसायला आलंच नाही. नोकरी जाईल का? की बदली होईल? चौकशी बसेल? वह्या हॉस्पिटलच्या नोंदींवरून लिहिल्या म्हणजे चोरी ठरेल का? एकामागून एक सगळं डोळ्यांसमोर येऊ लागलं. बारा वीसला फोन वाजला. इनचार्ज सिस्टर होत्या.

"काय केलंयस तू? मोठे डॉक्टर विचारतायत तुला. सुट्टी असली तरी आत्ताच्या आत्ता ये."

"मी येते बरोबर," वन्सं म्हणाल्या.

"नको. माझं मलाच निस्तरायला हवं." असं म्हणाली खरी, पण दारापाशी जाऊन परत फिरली. "किंवा या. नुसत्या बाहेर बसा."

चार मजले ती जिन्याने चढली. वन्सं धापा टाकत मागून. डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर वन्सं टेकल्या आणि ती एकटी आत गेली.

टेबलावर तिचा निबंध छापून ठेवलेला होता. समासात लाल शाई. मागे भिंतीवर नकाशाची फ्रेम.

"बसा."

ती उभीच राहिली.

"मला तीन ईमेल आले," डॉक्टर म्हणाले. "पहिल्यात मी लेखक होतो. दुसऱ्यात मी निबंध मागे घ्यायला संमती द्यायची होती. तिसऱ्यात मला हाकललं होतं. नऊ मिनिटांत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत इतकी वेगवान बढती आणि बडतर्फी झाली नव्हती."

तो विनोद होता हे तिला घरी गेल्यावर समजलं. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "सर, चुकलं माझं."

"काय चुकलं? आकडे?"

"नाही सर. आकडे नाहीत."

हे तिच्या तोंडून कसं निघालं, तिलाच कळलं नाही. डॉक्टरांनी मान वर केली.

"वह्या आणा."

विभागातल्या आपल्या कपाटातून तिने चारही वह्या आणल्या. डॉक्टर पाऊण तास वाचत होते. ती उभी. एकदा त्यांनी विचारलं, "इथे मध्ये रिकाम्या जागा का?"

"माझी सुट्टी होती सर. मी घेतलं नाही ते लिहिलं नाही."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "यात एक भोक आहे. तीन आणि चार नंबर नर्सच्या टेबलाजवळ आहेत. जास्त आजारी बाळं आपण तिथेच ठेवतो. आजारी बाळ गार पडणारच. जाळीचा काय संबंध?"

प्रश्न बाळांचा होता, आणि त्याचं उत्तर तिला माहीत होतं.

"सर, मी लहान बाळाशी लहानच ताडून बघितलंय. दीड किलोचं चार नंबरवरचं, दीड किलोचं आठ नंबरवरचं. आजार सारखा असलेली वेगळी काढलीत. तिसऱ्या वहीत, मागून पंधरा पानं. तरी फरक राहतो. थोडा कमी होतो, पण राहतो."

"मग हे निबंधात का नाही?"

"तक्ता फार मोठा झाला होता. पानात मावेना, म्हणून काढला."

डॉक्टरांनी ती पंधरा पानं वाचली. मग उठले. बुटांचा तो आवाज या वेळी तिच्यापुढे चालत विभागापर्यंत गेला. त्या दिवशी योगायोगाने चार आणि आठ दोन्ही कॉट रिकाम्या होत्या. डॉक्टरांनी दोन्हींवर एकेक थर्मामीटर ठेवायला सांगितलं आणि अर्धा तास तिथेच स्टुलावर बसून राहिले. इनचार्ज सिस्टर टेबलाशी उगाचच कागद सारखे करत होत्या.

फरक दोन अंशांचा निघाला.

डॉक्टरांनी दोन्ही थर्मामीटर हातात धरून पुन्हा पुन्हा पाहिले. मग वर जाळीकडे. त्यांचा चेहरा तिला अनोळखी वाटला. त्या क्षणी तिला त्यांची नाही, त्यांच्यासाठी भीती वाटली.

"सहा वर्षं," ते हळूच म्हणाले. "किती बाळं, सिस्टर?"

"दोनशे चौदा, सर. दोन्ही कॉट मिळून."

त्यांनी घड्याळ पाहिलं. पावणेचार. "मुदत पाचपर्यंत आहे ना? फाइल बदलता येते?"

"सर, मी मागे घ्यायची विनंती..."

"त्याला मी संमती दिलेली नाही. तो तक्ता घाला आत. आडवा घाला, मावेल."

वन्संना बाकावरून आत बोलावलं. डॉक्टरांच्याच कॉम्प्युटरवर वन्सं टाइप करू लागल्या आणि ती वहीतून आकडे सांगू लागली. डॉक्टर मागे उभे. त्यांचा श्वास मानेवर यावा इतके जवळ. दोनदा तिने सात म्हणायच्या जागी नऊ म्हटलं आणि दोन्ही वेळा स्वतःच पकडलं.

"सर, तुमचं नाव परत घालू का?"

"नको. मी यात एकही आकडा घेतलेला नाही. आत फक्त एक ओळ लिहा : कॉटची मांडणी विभागप्रमुखांनी ठरवली होती."

आता नावाच्या रकान्यात ती एकटीच होती. काही चुकलं तर अंगावर घ्यायला दुसरं कुणी नाही.

साडेचारला फाइल चढेना. आकार मोठा झाला होता. वन्संनी चित्रं लहान केली. पुन्हा चढवली. पडद्यावर चाक फिरत राहिलं. पाचला दहा कमी, पाचला सात कमी. "याचं पोट बिघडलंय वाटतं," वन्सं पुटपुटल्या. पाचला चार मिनिटं असताना हिरवी पट्टी आली. कुणाच्याही खिशात फोन वाजला नाही. लेखक एकच होती आणि तिचा फोन तिच्या हातातच होता. तिला त्याची थरथर कळलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आणि चार नंबरच्या कॉट पलीकडच्या भिंतीला सरकवल्या गेल्या. भिंतीवरून नकाशा उतरला. इनचार्ज सिस्टर तिच्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. दोन महिन्यांनी निबंध मंजूर झाल्याचं कळलं. एका परीक्षकाने लिहिलं होतं की बाळांची संख्या थोडी आहे, दुसऱ्याने लिहिलं होतं की नोंदी इतक्या नेटक्या फार क्वचित मिळतात. तिला फक्त पहिला शेरा आठवत राहिला.

परिषदेत दहा मिनिटं बोलायचं होतं. ती आठ मिनिटांत संपवून मोकळी झाली, इतकी धावली. वन्सं शेवटच्या रांगेत बसून हाताने 'हळू, हळू' करत होत्या. मग प्रश्न. तिच्याच वयाची एक नर्स उठली.

"सिस्टर, तुम्हाला हे दुसऱ्याच महिन्यात दिसलं होतं, असं तुम्ही म्हणालात. मग सहा वर्षं कुणाला सांगितलं नाही?"

इतकी भीती तिला डॉक्टरांच्या खोलीतही वाटली नव्हती.

"एकदा सांगितलं," ती म्हणाली. "कुणी ऐकलं नाही. मग मी घाबरले आणि लिहीत बसले. लिहिणं सोपं होतं." मग म्हणाली, "दुपटं घालत होते मी जास्तीचं. पण ते पुरेसं नव्हतं. ते माझ्या वहीतच दिसतं."

त्या नर्सने मान हलवली आणि खाली बसली. टाळ्या वाजल्या त्या तिने ऐकल्या नाहीत.

तिची भीती गेली, असं मी सांगितलं तर ते खोटं ठरेल. लिफ्टमध्ये ती अजून चढत नाही. पण गेल्या महिन्यात विभागात नवीन लागलेली एक नर्स तिच्या कानाशी येऊन कुजबुजली, की वजनकाटा मधूनच कमी दाखवतोय, असं तिला वाटतंय. खात्री नाही, कदाचित तिचीच चूक असेल. तापबाईने हातातली बाटली खाली ठेवली. तिला नेहमीसारखीच भीती वाटली. तिने त्या मुलीचा हात धरला आणि म्हणाली, "चल, आत्ताच जाऊ." आणि दोघी डॉक्टरांच्या खोलीकडे निघाल्या.