हिनेनीवाले काका

वाशी नुकती वसत होती तेव्हा आमच्या खाली एक बेने इस्राएल काका राहायचे. 'हिनेनी' हा त्यांचा लाडका हिब्रू शब्द.

"देवाने हाक मारली, तर अब्राहामाने काम काय ते विचारलं नाय. 'हिनेनी' म्हणाला. म्हणजे, हा मी हजर!"

सोसायटीची टाकी साफ करायला बोलावलं, की हे मात्र आधी काम विचारायचे आणि मग कंबर धरायचे. शनिवार तर त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. स्कूटरवर शुक्रवारीच चादर पडायची.

एका शनिवारी आईच्या छातीत दुखू लागलं. डॉक्टरांना आणायला धावताना मी जिन्यातूनच "काका!" ओरडलो. ते बनियनवरच बाहेर आले, चादर ओढून त्यांनी किक मारली.

"काका, आज शनिवार..."

"बस मागे. काम वाटेत सांग."