पाकळीएवढा रेटा

माझ्या नातीला बंगळूरला नोकरी लागली. काम अवकाशयानाच्या इंजिनावर. होकार दोन दिवसांत कळवायचा होता, पण तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, ठरवले की देवाला विचारल्याशिवाय पोर गोव्याबाहेर जाणार नाही.

आमच्या सर्वण गावात लग्न असो, विहीर असो, देवाचा प्रसाद घेतात. भट मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही.

आम्ही तिघे देवळात बसलो. गाभाऱ्याच्या दारात कोणीतरी दिलेला नवा पंखा फिरत होता. वाट बघता बघता मी नातीला विचारले, "तुझे इंजिन जाळते काय? पेट्रोल की डिझेल?"

"काहीच जाळत नाही, आजी. झेनॉन नावाचा वायू असतो. त्याच्या अणूंतला एकेक इलेक्ट्रॉन काढला की त्यांच्यावर विजेचा भार येतो. मग विजेची जाळी त्यांना ओढून भन्नाट वेगाने मागे फेकते. ते मागे, यान पुढे."

मी चौथी शिकलेली. पण वल्ह्याने पाणी मागे लोटले की होडी पुढे जाते, एवढे कळते.

"जोर किती?"

"तळहातावर कागद ठेवल्यावर जाणवतो तेवढा."

"एवढ्यासाठी बंगळूरला?"

ती हसली. "वर अडवायला हवा नाही. महिनोन्‌महिने तेवढाच रेटा दिला की वेग वाढतच जातो. इथे जमिनीवर मात्र यान हलणार नाही. इथे हवा आहे, वजन आहे."

"आणि बाप आहे," मी म्हटले.

तेवढ्यात डावी पाकळी पडली. मुलाचा चेहरा खुलला. नात खाली बघत राहिली. मी पंख्याकडे बघितले. त्याचा वारा नेमका डावीकडे लागत होता.

"भटजी, पंखा बंद करा आणि पाकळ्या परत लावा."

"आई, देवाला दोनदा विचारतात काय गो?"

"देवाला अजून विचारलेच नाही. आत्ता पंख्याला विचारले."

भटाला ते पटले, किंवा माझा आवाज मोठा होता. त्याने पंखा बंद करून नव्या पाकळ्या लावल्या.

तास गेला. एकही पाकळी हलेना. मुलाचा शर्ट घामाने पाठीला चिकटला. भट दोनदा घड्याळ बघून गेला. जेवणाची वेळ टळली, आणि माझ्या मुलाला भूक कधीच सोसली नाही. मी मांडी मोडली नाही.

शेवटी तोच उठला. "देव काही बोलत नाही. जाऊ दे तिला."

"देवासमोर बोललास. आता फिरू नकोस."

नातीने देवळाच्या पायरीवरूनच होकार कळवला. पाकळ्या नंतर कुठल्या बाजूला पडल्या, ते मी भटाला अजून विचारलेले नाही.