तापाची रजा

आरोग्यसेविकेने दारात उभं राहून विचारलं, "ताप यायच्या आधी बाहेरगावी गेले होते का?" आणि मी बेधडक "नाही" म्हणालो. कारण एवढंच, की नेमके तेव्हाच आमच्या ऑफिसचे साहेब दुधाची पिशवी घेऊन जिना चढत होते. ते आमच्याच बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. त्यांच्याकडे तापाच्या रजेचा अर्ज टाकून मी कॉलेजच्या जुन्या मित्रांसोबत पाच दिवस केरळात होतो. वर देवानेही तो अर्ज मंजूर केला असावा. परतल्यावर चौथ्या दिवशी खराखुरा ताप चढला, रक्त तपासलं, डेंगी निघाला.

मी बरा झालो. पण महिन्याभरात शहराच्या टोकाला, बेसा भागातल्या आमच्या बिल्डिंगीत आणखी सहा जण पडले. म्हणूनच ती बाई घरोघर फॉर्म भरत होती. सहावी होती आमच्या चौकीदाराची आठ वर्षांची मुलगी. तिच्या प्लेटलेट उतरत गेल्या, तिला सरकारी दवाखान्यात ठेवलं.

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. चौकीदार दोन महिन्यांपूर्वीच गावाहून आलेला, तो राहतो त्या शेडपाशी पाण्याचे ड्रम, म्हणजे रोग त्यांनीच आणला, असं ठरायला दहा मिनिटं पुरली. महिनाअखेर शेड रिकामी करा, अशी नोटीस निघाली. मी सेक्रेटरी. सही माझी.

नोटीस हातात घेऊन चौकीदार म्हणाला, "भाऊ, ड्रम तर झाडाईसाठी सोसायटीनंच देल्ले. पोरगी दवाखान्यात हाय, अन् आमाले काहून काढून राहिले?"

"मीटिंगचा निर्णय आहे गा," मी म्हणालो. त्याच्याकडे न पाहता.

पुढच्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या डॉक्टरबाई स्वतः घरी आल्या. आमच्या सगळ्यांच्या रक्ताचे उरलेले नमुने त्यांच्याकडे गेले होते. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला: प्रवास? मी पुन्हा "नाही."

"काका, नीट आठवा," त्या म्हणाल्या. "आम्ही प्रत्येकाच्या रक्तातला विषाणू अक्षर-अक्षर वाचलाय. शहरात यंदा जो फिरतोय, तो हा नाही. तुमच्या बिल्डिंगीतल्या सातही जणांचा एकाच घराण्यातला आहे, आणि त्याचे जवळचे नातेवाईक केरळच्या नमुन्यांत सापडतात. विषाणू स्वतःची नक्कल काढताना मधूनच एखादं अक्षर चुकतो. तुमच्यातली चूक बाकीच्या सहा जणांत आहे. नुसत्या अक्षरांवरून कोणाकडून कोणाला गेला, हे मी छातीठोक सांगणार नाही. पण ताप सगळ्यात आधी तुम्हाला आलाय."

मी ऑफिसात परिपत्रकं तपासतो. एका टेबलावरची टायपिंगची चूक दहा टेबलांवर गेली, की ती कुठून निघाली ते मीच शोधून देतो आणि वर त्यांच्याकडून चहा उकळतो. आता माझ्याच रक्तातली चूक एका आठ वर्षांच्या पोरीच्या रक्तात निघाली होती. "केरळ," एवढंच कसंबसं तोंडातून निघालं.

"मग इथल्या डासांनी तुमच्याकडून उचलला असणार," त्या म्हणाल्या. "डास कुठे झाले, बघू या?"

खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर आमचा कूलर. जूनमध्ये बंद केला, टाकी रिकामी करायची राहिली. बायको दर रविवारी आठवण करून द्यायची. बाईंनी टॉर्च मारला. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. त्या आजारपणात मी त्याच खिडकीशी, मच्छरदाणी न लावता, आठ दिवस लोळलो होतो.

बाई गेल्यावर मी थेट तिसऱ्या मजल्यावर गेलो. साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी बोटांवर तारखा मोजल्या.

"म्हणजे तुम्ही ताप यायच्या आधीच तापाचा अर्ज दिला होता?"

"हो साहेब."

"रजेचं उद्या ऑफिसात बघतो. आधी ती नोटीस फाडा."

मग एकेक दार वाजवून तीच गोष्ट मी सगळ्यांना सांगितली. दोघांनी तोंडावर दार लावलं, पण नोटिशीच्या बाजूने कोणी बोललं नाही. शेवटी शेडपाशी जाऊन चौकीदारासमोर ती फाडली. त्याने तुकडे पाहिले आणि विचारलं, "पोरीले कळवू का, घर हाय म्हणून?" पोरीच्या जिवाचा धोका त्या सकाळीच टळला होता. "कळव," मी म्हणालो.

घरी आलो. बायको डबा भरत होती. वर न बघताच म्हणाली, "अवो, त्या पोरीची माय सकाळपासून उपाशी हाय दवाखान्यात. हा डबा तुम्हीच नेऊन द्या. अन् तिले सांगा, हे दुखनं कोनाच्या घरातून आलं ते. पण जायच्या आधी तो कूलर उपडा करा, मी इथं उभी राहून पाह्यते."