डॉक्टर मी निवडला होता

"मोजा काढू नका. तसंच सांगा."

डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. गंगारामदादा वाकलेला तसाच राहिला. एक हात मोज्याला, एक टेबलाला.

दोन मिनिटांपूर्वी सगळं छान चाललं होतं. मराठी ऐकून डॉक्टर हसले होते. तालुका कुठला, गाव कुठलं. गाव त्यांच्या मामाच्या गावाला लागूनच निघालं.

"अरे वा! वाडी कुठली?"

"बौद्धवाडी."

हसू गेलं. मग ती खुर्ची सरकली.

"साखर असणार. गोळ्या देतो. पाय धूत जा जरा. स्वच्छता पाळायला काय होतं तुम्हा लोकांना?"

मी शेजारी उभा होतो. गोळ्यांची चिठ्ठी मी घेतली.

आणि हा डॉक्टर मीच निवडला होता. आम्ही कुवेतमध्ये, राई भागातल्या एका गॅरेजात गाड्यांचे पत्रे ठोकायचो, महबूलाला एका खोलीत सहाजण राहायचो. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. दादा माझ्याच वाडीतला, वयाने मोठा. मला कुवेतला त्यानेच आणलं, हातोडा धरायला त्यानेच शिकवलं. कामाच्या बुटाने त्याच्या अंगठ्याला जखम झाली. "दुखत नाय रे," म्हणायचा. साखरेने पाय बधिर होतो हे आम्हाला कुठे माहीत.

तो सरकारी दवाखान्यात जाऊ म्हणत होता. मीच अडवलं. "तिथे अरबी बोलतात. इथे जवळच एगैलाला मराठी डॉक्टर आहे. आपला माणूस आहे."

बाहेर पडल्यावर दादा म्हणाला, "गाव तिकडं राह्यलं असं वाटलं व्हतं. आपल्याच इमानात बसून आलंय."

तरी मी त्याला आणखी दोनदा तिथेच नेलं. गोळ्यांना वेळ लागतो, म्हणालो. दोन्ही वेळा पाय मोज्यातच राहिला.

मग खोलीत वास येऊ लागला. तेव्हा सरकारी दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई मिसरी, म्हणजे इजिप्तच्या होत्या. त्यांची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची त्यांना. त्या स्टुलावर बसल्या. मोजा जखमेला चिकटला होता, तो कात्रीने हळूहळू कापला. टाच दोन्ही हातांत धरली. मग माझ्याकडे बघून अरबीत काहीतरी विचारलं. शब्द कळले नाहीत, पण एवढा उशीर का, एवढं कळलं.

पाय गुडघ्याखाली कापला. कंपनीने दादाला घरी पाठवलं. विमानतळावर चाकाच्या खुर्चीतून तो म्हणाला, "तुझा दोष नाय." त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पुढे चार महिन्यांनी मराठी मंडळींनी एका हॉलमध्ये आरोग्यावर भाषण ठेवलं. व्यासपीठावर तेच डॉक्टर. म्हणाले, "आपले कामगार बंधू अडाणीपणामुळे उशिरा येतात."

मी उभा राहिलो.

"डॉक्टर, गंगाराम उशिरा आला नव्हता. तीनदा आला होता. तुम्ही वाडी विचारलीत आणि मोजा काढू दिला नाहीत."

डॉक्टर पाणी प्याले. "मला असा पेशंट आठवत नाही."

एका कार्यकर्त्याने माझं कोपर धरलं. "बसा हो. इथे जात कशाला आणता?"

"मी आणली नाही. ती यांच्या केबिनमध्ये बसली होती."

आठवड्याने मंडळींचा निरोप आला. लेखी माफी द्या, नाहीतर कार्यक्रमांना येऊ नका. दादाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "सोड ना. तुला तिथं राह्याचंय."

याही वेळी मी दादाचं ऐकलं नाही.

माफी लिहिली नाही. लिहिणार नाही. हा माणूस जिथे जिथे माइक हातात घेईल, तिथे मी उभा राहीन आणि गंगारामचं नाव घेईन. त्याला आठवेपर्यंत. आठवल्यावरही.