तालुक्याला एकच मांत्रिक

"पद रिक्त नाही." तालुकादादाकडे मांत्रिक व्हायचा हट्ट धरला की हे ठरलेलं उत्तर मिळायचं. ते देताना त्याचा चेहरा इतका सरकारी व्हायचा की समोरचा माणूस नकळत सावरून बसायचा. मी दोन वर्षं दर रविवारी तो अर्ज केला आणि दर रविवारी तेच उत्तर ऐकलं. सैनिक व्हा म्हणायचा, वैदू व्हा, नावाडी व्हा, चोर तर हवे तितके व्हा. मांत्रिक मात्र तालुक्याला एकच, आणि तो भरलेला.

दादा मुलुंड पूर्वेला आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आईबरोबर, म्हणजे आमच्या काकूंबरोबर राहायचा. नोकरी भूमापन खात्यात, मोजणीदाराची. आठवडाभर ठाणे जिल्ह्यातल्या खेड्यांत साखळ्या ओढत शेतं मोजायची आणि रविवारी दुपारी आम्हा कॉलेजातल्या टवाळांना जमवून एक राज्य चालवायचं. त्याचा मावसभाऊ बोटीवर होता. त्याने कुठल्याशा बंदरातून एक कव्हर फाटलेलं इंग्रजी पुस्तक आणून दिलं होतं. त्यात एक खेळ होता: एकाने जग सांगायचं, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं आणि जिथे नशिबाचा प्रश्न येईल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. असा फासा आम्ही जन्मात पाहिला नव्हता. दादाने काकूंच्या तंबोल्याच्या पिशवीतले एक ते वीस आकडे वेगळे काढले आणि प्रश्न मिटवला.

जगाचा नकाशा जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर होता, आणि तो बघण्यासारखा होता. पुस्तकातले बर्फाचे डोंगर दादाने पहिल्याच दिवशी रद्द केले. आपण न पाहिलेली जमीन मोजायची नाही म्हणाला. त्यामुळे आमच्या राज्यात मिठागरं होती, खाडी होती, मागे टेकड्या होत्या, आणि प्रत्येक विहीर, पायवाट, बांध आपापल्या खुणेने दाखवलेला होता. राज्याचे सात तालुके. प्रत्येक तालुक्याच्या हद्दीवर दगड, दगडाला क्रमांक. त्यावरूनच त्याचं नाव तालुकादादा पडलं आणि पुढे काकूसुद्धा त्याला चिडून तशीच हाक मारायला लागल्या.

आमच्या तालुक्याचा मांत्रिक एक झोपाळू म्हातारा होता. त्याचं दादाच बोलायचा, तेही जांभया देत. त्याच्याकडे जायचं तर तीन दिवसांची चाल, वर विनंती लेखी. एकदा आम्ही त्याला कसाबसा उठवून दरोडेखोरांच्या मागे नेलं. दरोडेखोर मिठागरं ओलांडून खाडीच्या पुलावर चढले आणि म्हातारा हद्दीच्या दगडापाशी थांबला. पुढचा तालुका माझा नाही, तिथे माझा मंत्र चालत नाही, म्हणाला. आम्ही हात जोडले, पाया पडलो, काही उपयोग झाला नाही. तेव्हा दुसऱ्या मजल्यावरचा बबन, तो मूळचा मालवणचा आणि डोक्याने तिरका, शांतपणे म्हणाला, "मगे मी दगडच फुडे सरकवतंय."

दादाचा चेहरा लालबुंद झाला. खेळात मारामाऱ्या, विषप्रयोग, राजद्रोह सगळं आम्ही केलं होतं आणि तो हसत सोसत आला होता. पण हद्दीचा दगड हलवायचा? हा गुन्हा आहे, हे कुठल्याही राज्यात गुन्हाच असणार, असं त्याने आम्हाला पाऊण तास समजावलं. बबनला तीन रविवारांची कैद झाली. ती त्याने स्वयंपाकघराच्या दारात बसून, काकूंच्या हातचे कांदेपोहे खात भोगली. चौथ्या रविवारी सुटका झाली तर हा उठायलाच तयार नव्हता.

नियमाला पहिला तडा गेला तो काकूंमुळे. बबनला लागोपाठ तीन रविवार एक आणि दोनच आकडे येत होते. काकूंना ते बघवेना. त्यांनी मीठ-मोहरी-मिरच्या आणून सगळ्यांसमोर त्याची दृष्ट काढली, मिरच्या शेगडीवर टाकल्या, आणि आम्ही खोकत असतानाच बबनने पिशवीत हात घातला. वीस! मी ही संधी सोडणार होते थोडीच? मी म्हटलं, काकू मांत्रिक आहेत. माझी आजी उचकी थांबवते, म्हणजे तीही मांत्रिक. या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत आणि प्रत्येकात एक तरी असं कुणी आहेच. मग तुझा तालुक्याला एकचा नियम गेला कुठे?

दादाने आकडे पिशवीत भरले. खेळ तिथेच बंद केला. आठवडाभर जिन्यात भेटला तरी विचारात असायचा. पुढच्या रविवारी त्याने चक्क परिपत्रक वाचून दाखवलं: दृष्ट काढणे, उचकी थांबवणे, दूध उतू जाऊ न देणे इत्यादी घरगुती मंत्र प्रत्येकाला येतात, त्यासाठी पदाची गरज नाही, मात्र ते उंबरठ्याच्या आतच चालतील. मोठी विद्या पूर्वीप्रमाणे तालुक्याला एक. मी रागाने उठलेच. दूध उतू न जाण्याचा मंत्र घेऊन मी राक्षसासमोर काय उभी राहणार होते?

त्या दिवशी तो माझ्या मागे जिन्यापर्यंत आला. तिथे पहिल्यांदाच त्याने सरकारी चेहरा बाजूला ठेवला.

"शुभे, मी मोजणीला जातो ना, तर लोक वर्षभर माझी वाट बघत असतात. मी यष्टीतून उतरलो की म्हातारे टोपी सावरून उठतात, कुणीतरी तांब्याभर पाणी आणतं. मी काय मोठा लागून गेलोय? तिथे मोजता येणारा दुसरा कुणी नाही, एवढंच. सगळ्यांनाच सगळं यायला लागलं तर कोण कुणाच्या दारात जाईल गं?"

मला ते पटलं, पण पटलं असं मी सांगितलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा अर्ज केला. त्याने तितक्याच गंभीरपणे पद रिक्त नाही म्हणून सांगितलं आणि आम्हा दोघांनाही बरं वाटलं.

मग त्याची बदली झाली, पार विदर्भाच्या टोकाला. शेवटच्या रविवारी त्याने म्हाताऱ्या मांत्रिकाची अठ्ठावन्न वर्षं पूर्ण झाल्याचं जाहीर करून त्याला निवृत्त केलं, नारळ-शाल दिली. दादा उठला आणि तंबोल्याची पिशवी आणि नकाशाची गुंडाळी त्याने माझ्या मांडीवर ठेवली. खेळ आता तू चालव म्हणाला, रिक्त पद तूच भर, फक्त स्वतःला भरता येत नाही. मला रडू यायला लागलं. दोन वर्षं मी हेच मागत होते, आणि आता जागा झाली तर मीच ती द्यायची?

"सांगणाऱ्याला मांत्रिक होता येत नाही," तो म्हणाला. "मी तरी कुठे झालो? म्हाताऱ्याचं काय होणार ते मला आधीच ठाऊक असायचं. त्यात कसली आलीय जादू."

मी खेळ चालवला. पद भरलं नाही. बबन अर्ज करायचा आणि मी रिक्त पदावर नेमणूक प्रस्तावित नाही असं सुनावायची. दादाचीच विद्या.

तीन वर्षांनी तो आठ दिवसांच्या रजेवर आला. वाळला होता, डोक्यावरचे केस मागे हटले होते. रविवारी दुपारी आला आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या बाजूला, बबनच्या शेजारी मांडी घालून बसला. म्हणाला, मला मांत्रिक व्हायचंय. त्याच्या डोळ्यांत जी हाव होती ती मी चांगली ओळखत होते. हो म्हणायला काय जात होतं माझं? पण दोन वर्षांचा वचपा काढायची खुमखुमी आली. मी चेहरा सरकारी केला आणि म्हटलं, अर्ज लेखी आणा, पुढच्या रविवारी बघू. बबन हसून हसून लोळला. दादाही हसला, आणि संध्याकाळी खरंच फुलस्केप कागदावर समास सोडून लिहिलेला अर्ज आणून दिला. अनुभवाच्या रकान्यात त्याने 'उमेदवार बराच काळ प्रतीक्षेत आहे' असं लिहिलं होतं.

शनिवारी ऑफिसची तार आली, रजा रद्द. मी कॉलेजातून परतले तोवर तो निघूनही गेला होता. पुढच्या दिवाळीला नक्की येतो, असं काकूंजवळ सांगून गेला. दिवाळीआधी तिकडेच त्याला कावीळ झाली आणि दादा गेला. मी त्याला त्याच दिवशी हो म्हणायला हवं होतं. हे मला अजून लागतं.

आता माझी भाचरं तो नकाशा पसरून बसतात. त्यांच्याकडे वीस बाजूंचे खरेखुरे फासे आहेत, पण मी तंबोल्याचीच पिशवी काढते. प्रत्येकाला मांत्रिक व्हायचं असतं. अर्ज येतात, हट्ट होतात, रुसवे होतात. पिशवीच्या तळाशी एक घडी घातलेला फुलस्केप कागद आहे, त्यावर मी लाल शाईने 'मंजूर' लिहून सही केलेली आहे. भाचरं विचारतात, आत्या, ती जागा रिकामीच आहे ना?

मी सांगते, पद रिक्त नाही. साहेब फिरतीवर आहेत.