पुठ्ठ्याच्या बैलाला दिलेलं आवतन

आधीच सांगून ठेवते, मी असल्या गोष्टी मानणारी बाई नाही. दारावर लिंबू-मिरची बांधणाऱ्या नवऱ्याशी मी अठरा वर्षं भांडून राहिले आहे. त्यामुळे "ताई, तुम्हाला भास झाला असेल" असं कमेंटमध्ये लिहायच्या आधी पूर्ण वाचा. भास नाही झाला. अपमान झाला माझा... तोही चारचौघांत!

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. नवरा रेल्वेत, मी शंकर नगरच्या एका ऑफिसात, फ्लॅट तिसऱ्या माळ्यावर. आई गेल्यावर गावची बैलजोडी शेजाऱ्याला दिली आणि माझे वडील, आबा, इकडे रायपूरला आमच्याकडे आले. त्यांचं मन काही इथं लागलं नाही. दुपारी स्वतःच इन्सुलिन टोचायचं, मी झाकून ठेवलेलं ताट एकट्यानं जेवायचं, आणि गॅलरीत बसायचं. बोलणं जवळपास बंदच.

मग माझ्या पोट्टीला, रेवाला, शाळेत आर्टच्या सरांनी प्रोजेक्ट दिला. हाताने बनवलेला प्राण्याचा मुखवटा. आधी माहिती काढा, मग कागदावर प्लॅन, मग मुखवटा. रेवानं मोबाईलवर पाहून बैल काढला आणि फ्रिजवर चिकटवला. आबा पाणी प्यायला आले, चष्मा लावून पाहत राहिले.

"हा कोणता बैल व? याचे कान शिंगाच्या वर हायेत!"

रेवाला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीत. "तो नाना, आप ही बताओ ना!"

झालं! त्या दिवसापासून आबांच्या तोंडाला कुलूप राहिलं नाही. आमच्या चांद्या बैलाचं डावं शिंग कसं आत वळलेलं होतं, कपाळावरचा पांढरा चांद केवढा, दोन डोळ्यांमध्ये किती बोटं अंतर... पोट्टी लिहून घेत होती. पुठ्ठ्याचा सांगाडा, त्यावर भिजवलेल्या पेपरचा लगदा, किडे लागू नयेत म्हणून त्यात मेथीची पूड. पंधरा दिवस माझ्या डायनिंग टेबलवर हा पसारा. चिडचिड केली मी, खोटं कशाला बोलू? पण मुखवटा वाळून रंगला आणि माझा राग उतरला. चांद्याच होता तो. हुबेहूब.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी पाहते तर आबा वाटीत लोणी-हळद घेऊन मुखवट्याच्या मानेकडच्या काठाला चोळून राहिले.

"आबा! रंग जाईल ना! उद्या जमा करायचा आहे!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बैलाशी बोलतात तसे हळूच म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे चोळून असंच जेवायचं बोलावणं देतात. पण ते बैलाला! पुठ्ठ्याला कोण देते?

मग मला म्हणाले, "तू बी ये व उद्या, एक वाजता. पंगतीले बस माह्यासंगं."

"पाहू," म्हटलं मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुखवटा शाळेत गेला. सणाच्या दिवशी प्रदर्शन ठेवायची यांची हौस! सगळे मुखवटे आर्ट रूममध्ये बंद, चार वाजता पालकांसमोर उघडणार, चावी सरांच्या खिशात. मी सकाळीच पुरण घालून पोळ्या करून ठेवल्या आणि ऑफिसला गेले. एक वाजून गेल्यावर आठवण झाली म्हणून आबांना फोन केला.

"जेवले का?"

"नाही. इन्सुलिन घेतलं. पण बैल जेवल्याबिगर घरधनी जेवत नसते."

मागे एकदा असंच इन्सुलिन घेऊन जेवायला उशीर केला होता, तर न्हाणीघरात पडले होते. "आबा, तो शाळेत आहे! कुलपात! तुम्ही जेवून घ्या!"

"येईन तो. आवतन देल्लं हाय."

आता म्हाताऱ्याशी वाद घालून काय उपयोग? मी स्कूटर काढली आणि सरळ शाळा गाठली. सरांना म्हटलं, वडील शुगरचे पेशंट आहेत, अर्ध्या तासासाठी मुखवटा द्या, मी स्वतः परत आणून देते. तर ते हसले. हसले हो!

"मैडम, मुखौटा खाना खाएगा?"

बाजूच्या दोघी मॅडमही तोंडावर हात ठेवून खिदळल्या. "चार बजे खुलेगा, रूल है." मी तणतणत घरी आले.

दार आबांनीच उघडलं. हात धुऊन पुसून राहिले होते.

"जेवलो. दोघंबी."

हॉलमध्ये पाट होता, आबांचं रिकामं ताट होतं. त्यासमोर त्यांनी बैलासाठी पळसाच्या पत्रावळीवर पाच पुरणपोळ्या वाढल्या होत्या म्हणे. पोळ्या नव्हत्या. पत्रावळही नव्हती. फरशी ओली होती, जीभ फिरवल्यासारखे लांब, रुंद पट्टे. मला वाटलं, यांनीच सगळ्या खाल्ल्या. लगेच बोटाला सुई टोचून शुगर तपासली. एका साध्या जेवणानंतर असते तेवढीच होती. पत्रावळीसाठी डस्टबिन पाहिलं, गॅलरी पाहिली, खाली वाकून पाहिलं. शेवटी लाज सोडून गार्डला विचारलं, "भैया, कोई जानवर ऊपर आया था क्या?" तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. "नहीं दीदी. गेट तो बंद है."

चार वाजता सरांनी सगळ्यांदेखत स्वतःच्या हाताने कुलूप उघडलं. रेवाच्या बैलाच्या तोंडाला पुरण लागलेलं होतं. तुपानं नाकपुड्या चकाकत होत्या, आणि ओठाच्या फटीत पळसाच्या पानाचा चघळलेला तुकडा.

सर माझ्याकडे वळले. "मैडम, ये क्या हरकत है? आपने किसी से अंदर खाना लगवाया?"

अहो, कुलूप तुमचं, चावी तुमच्या खिशात, आणि हरकत माझी? मी हे तोंडावर बोलले. त्यांनी रेवाचा मुखवटा प्रदर्शनातून काढून माझ्या हातात दिला, शेऱ्यात "पालक का हस्तक्षेप" लिहिलं आणि वर माफीपत्र मागितलं! पोट्टी सगळ्यांसमोर रडली. माफीपत्र मी आजपर्यंत दिलेलं नाही आणि देणारही नाही. ज्या दिवशी ते सर मला सांगतील की बंद खोलीतल्या पुठ्ठ्याला माझ्या घरचं पुरण कसं लागलं, त्या दिवशी पाहू.

घरी येऊन मी हे सगळं आबांसमोर ओरडून ओरडून सांगितलं. ते मुखवट्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होते. माझं संपल्यावर म्हणाले, "काहून एवढी चिडून राह्यली व? त्याले आवतन देल्लं, तो आला. तुले बी देल्लं होतं."

एवढं म्हणून त्यांनी मुखवटा भिंतीवर टांगून दिला.

कोणी म्हणते उंदीर, कोणी म्हणते शिपायाची मस्ती. करा तर्क, मी सगळे करून बसले आहे. बैल कसा आला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. आबांच्या पंगतीला मी काहून नाही आले, याचं मात्र आहे... शाळेत भांडायला मला ऑफिसातून एका मिनिटात निघता आलं होतं.