मास्तरीणबाईंचे रॉक गाणे

माझी धाकटी बहीण लोकांना मोटार चालवायला शिकवते. शिकणारा स्टिअरिंगवर बसतो आणि ती शेजारच्या सीटवर. तिच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणाऱ्याची धांदल उडाली की ती तो दाबते. "सावकाश", "आरशात बघा", "समोर माणूस आहे, खांब नव्हे" हे वर्षानुवर्षे सांगून तिचा आवाज खरखरीत झाला आहे. आमच्या भागात तिला सगळे मास्तरीण म्हणतात. चाळिशी उलटल्यावर ती एका बँडमध्ये गाऊ लागली, तेव्हा आई एवढेच म्हणाली, "दिवसभर ओरडून हौस फिटत नाही वाटतं."

बँडमध्ये तिघेच. चष्म्यांचे दुकान चालवणारा गिटार वाजवतो, फर्निचर करणारा सुतार ड्रम वाजवतो आणि मास्तरीण गाते. सुट्टीच्या दिवशी सुताराच्या कारखान्यात, प्लायवुडच्या थप्प्यांमध्ये जागा करून सराव चालतो. मीही अधूनमधून जाऊन बसतो. आपल्या संगीताला ते अल्टरनेटिव्ह रॉक म्हणतात. अल्टरनेटिव्ह म्हणजे पर्यायी, एवढे मला समजते, म्हणून एकदा विचारले, "पर्यायी कशाला?"

"दुपारच्या झोपेला," सुतार म्हणाला.

आजवर ते दुसऱ्यांचीच गाणी वाजवत होते. यंदा मास्तरणीने स्वतःचे गाणे केले. एक शिकाऊ उतरला आणि दुसरा यायचा आहे, अशा मधल्या वेळात गाडी कडेला लावून, काचा वर करून ती ते गात असे आणि फोनवर रेकॉर्ड करत असे. शेजारच्या सीटवर बसणाऱ्या बाईचे ते गाणे होते:

चाक तुझ्या हाती, रस्ता तुझ्या डोळ्यांत,
माझ्यापाशी फक्त थांब म्हणणं.

फोनवरचे ते गाणे ऐकून सुतार आणि चष्मेवाला वेडे झाले. सुताराने त्यावर ड्रम बसवला. चष्मेवाल्याने तो कच्चा तुकडा नव्या बँडची गाणी इंटरनेटवर प्रसिद्ध करणाऱ्या एका मंडळाला पाठवून दिला. त्यांचा लगेच निरोप आला: गाणे आवडले, स्टुडिओत नीट रेकॉर्ड करून द्या, येत्या शुक्रवारी प्रसिद्ध करतो. त्या संध्याकाळी मास्तरीण आमच्याकडे आली ती चप्पल न काढताच थेट स्वयंपाकघरात शिरली. आईने पायांकडे बघितले आणि चक्क चहाचे आधण ठेवले.

स्टुडिओत मी सोबत गेलो. भिंतींना जाड गाद्यांसारखे काहीतरी लावलेले, मध्ये काच, काचेपलीकडे रेकॉर्डिंगवाला. मास्तरीण कानांवर हेडफोन चढवून माइकसमोर उभी राहिली. सूर बरोबर, शब्द बरोबर, पण गाण्यात जीव नव्हता. पुन्हा केले, पुन्हा तेच. सुतार दर वेळी मध्येच थांबून मान हलवी. ती पाणी पिऊन आली, डोळे मिटून गायली, दिवे बंद करून गायली. गाणे जागचे हलेना.

शेवटी चष्मेवाला हळूच म्हणाला, "मास्तरीणबाई, राग मानू नका. उद्या दुपारपर्यंत स्टुडिओ आपला आहे. माझ्या पुतणीला बोलावू का? तिचा गळा तयार आहे. गाणं तुमचंच राहील, नाव तुमचंच लागेल. फक्त आवाज तिचा."

"फक्त," मास्तरीण म्हणाली.

"म्हणजे, उद्या तुम्हाला जमलं तर प्रश्नच नाही."

परतताना गाडी तीच चालवत होती. सिग्नलला थांबल्यावर म्हणाली, "दादा, ती पोरगी माझ्यापेक्षा चांगली गाते. मला माहीत आहे. पण हे गाणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकावं लागलं, तर मी पुन्हा गाणं करणार नाही."

"असं काय करतेस?"

"रुसून नाही म्हणत. होणारच नाही माझ्याच्यानं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुताराचा फोन आला, म्हणून ती मला घेऊन कारखान्यात गेली. सुतार फोनवरचे मूळ रेकॉर्डिंग लावून बसला होता. आम्हाला बघताच म्हणाला, "बसा. हे ऐका. 'थांब म्हणणं'नंतर काय वाजतं?"

आम्ही ऐकले. ओळ संपता संपता खाली कुठेतरी दबका आवाज येत होता. धप्प.

"पहिल्या दिवसापासून मी याच्यावर वाजवतोय," सुतार म्हणाला. "मला वाटलं तुम्ही मुद्दाम ठोकताय काहीतरी. काल स्टुडिओत ते नव्हतंच. मी आपला वाट बघत बसलो होतो त्याची."

"मी काही ठोकत नव्हते. मी गाडीत बसले होते."

"गाडीत कुठे?"

"माझ्या जागेवर. आणखी कुठे बसणार?"

दोघेही एकदम उठले. गाडी दारातच होती. मास्तरीण आपल्या सीटवर बसली, सुतार स्टिअरिंगवर, मी मागे. तिने ओळ म्हटली आणि शेवटच्या शब्दाला तिचा पाय आपसूक जादा ब्रेकवर पडला. धप्प. पुढची ओळ, पुन्हा धप्प. तिला स्वतःला पत्ताच नव्हता. शेजारी शिकाऊ नसतानाही, गाडी उभी असतानाही, पाय आपले काम करत होता. तिने पायाकडे पाहिले, मग सुताराकडे, आणि दोघे इतके हसले, की प्लायवुड घेऊन आलेला टेम्पोवाला खिडकीतून आत डोकावून गेला.

"चला," सुतार म्हणाला. "गाडी काढा."

स्टुडिओच्या आवारात गाडी लावून तिने रेकॉर्डिंगवाल्याला बोलावले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि कपाळाला हात लावला. "ताई, एवढ्या गाद्या लावून घेतल्यात मी. आणि तुम्ही पार्किंगमध्ये गाणार?"

"ब्रेक इथे आहे," ती म्हणाली.

"ब्रेक रेकॉर्ड करायचाय?"

"मला रेकॉर्ड करा. ब्रेक आपोआप येईल."

चष्मेवालाही पुतणीला घेऊन आला होता. त्याचे तोंड पडले, कारण बिचारीने रात्रभर गाणे पाठ केले होते. पण ती पोरगी गमतीची होती. तिनेच केबल उचलून धरली, खिडकीची काच फटीपुरती खाली करवून माइक आत सोडला आणि फटीत आपली ओढणी कोंबली. सुतार आत स्टुडिओत ड्रमवर, चष्मेवाला गिटारवर, आणि त्यांचे वाजवणे हेडफोनमधून गाडीत. मी फाटकात उभा राहिलो. कुणी हॉर्न वाजवू नये, एवढेच माझ्याकडे काम.

पहिल्या वेळी शेजारच्या गच्चीवर कुत्रे भुंकले. ते रेकॉर्डिंग वाया गेले. दुसऱ्या वेळी मी काचेतून तिला पाहत होतो. ती नेहमीसारखी बसली होती, पाठ ताठ, नजर समोर, एक हात डॅशबोर्डवर. आणि तिने जो आवाज लावला, तो मी घरात, लग्नात, भांडणात, कधी म्हणजे कधीच ऐकला नव्हता. खरखर होतीच. पण आता गाणेच त्या खरखरीवर चालले होते. गाडी जागच्या जागी हलत होती. मी फाटक सोडून कधी पुढे गेलो, मलाच कळले नाही.

गाणे संपले. रेकॉर्डिंगवाला धावत बाहेर आला. "तो धप्प साफ करून टाकू?"

"हात तर लाव," आतून सुतार ओरडला.

चष्मेवाला गिटार गळ्यात तशीच घेऊन गाडीपाशी आला. त्याने मास्तरणीपुढे कान पकडले. पुतणी म्हणाली, "काका, हे मला नसतं जमलं. मला गाडी कुठे येते?"

शुक्रवारी सकाळी गाणे प्रसिद्ध होणार होते. ऑफिसात मी सारखा फोन बघत होतो. इतका, की साहेबांनी घरी सगळे ठीक आहे ना, म्हणून विचारले. आणि ते आले. काळ्या चौकटीत गाण्याचे नाव, त्याखाली गायिका म्हणून माझ्या बहिणीचे. मी हेडफोन न घालता गाणे लावले. आमचा अख्खा विभाग काम टाकून माझ्या टेबलाभोवती गोळा झाला. मी तिला फोन केला, तर तो बंद. क्लास चालू असताना ती फोन बंद ठेवते.

पुढचे तिनेच संध्याकाळी सांगितले. त्या वेळी तिच्याकडे एक निवृत्त नर्सबाई शिकत होत्या. त्यांनी चौकात गाडी नीट काढली, आणि मास्तरीण म्हणाली, "जरा कडेला घ्या. मला एक गाणं ऐकायचंय." असे ती आजवर कुणाला म्हणाली नव्हती. तिने काचा वर केल्या, फोन चालू केला आणि गाणे लावले. नर्सबाईंनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकले.

"या बाईला काय झालंय?" त्यांनी काळजीने विचारले.

"काही नाही झालेलं. ती मीच आहे."

नर्सबाईंनी तिच्याकडे नीट वळून पाहिले. "म्हणजे माझ्यावर तुम्ही ओरडता, ते काहीच नाही म्हणायचं," त्या म्हणाल्या. "पुन्हा लावा बघू."

गाणे पुन्हा वाजले. मग गाडी निघाली. पुढच्या वळणाला डावीकडे वळायचे होते. मास्तरीण "उजवीकडे" म्हणाली, नर्सबाईंनी निमूटपणे उजवीकडे घेतली, आणि दोघी भलत्याच रस्त्याने बऱ्याच लांब गेल्या.